चौथीचं माप

तेलगाव, ८ सप्टेंबर

चन्नप्पा,

अनेक आशीर्वाद.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास म्हणून हे पत्र. पोस्टमनला बंद करायचं बटण अजून निघालेलं नाही. निघालं तरी तुला ते सापडायचं नाही, कारण तुझ्या मोबाइलमधलं सगळं तुझा लेकच करून देतो. पत्र मुद्दाम अंबाजोगाईला दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं तर आधी कावेरी वाचेल आणि नवऱ्याला निम्मंच सांगेल.

पंचमीला न्यायला आला नाहीस. राखी पाठवली, ती पाकीट न फोडता परत आली. मी काही रडत बसलेली नाही. मला वेळ कुठाय? आमच्या बचत गटाच्या सात बायका, सात मशिनी, वर पत्रे आणि दिवसभर खडखडाट. माळावरच्या शाळेच्या दोनशे बारा लेकरांचे गणवेश पंधरा दिवसांत शिवून दिले. पंधरा म्हणजे पंधरा, सोळावा दिवस लागला नाही. चौदा वर्षं त्या शाळेचं काम तुझ्या दुकानाकडं होतं, यंदा माझ्याकडं आलं. धंद्यात असं होतं. सख्ख्या बहिणीवर त्यासाठी रुसून बसायला तू काय मांडवातला जावई आहेस?

असो. मला कापड पाहिजे. मुलींच्या पिनो फ्रॉकचं गडद निळं दोन मीटर आणि शर्टाचं आकाशी दीड मीटर. आमचा तागा संपला. नवा आणला तो जुन्याशेजारी धरला की दहा वेळा धुतल्यासारखा दिसतो. तुझ्याकडं मागच्या सालचा तोच माल असणार, कारण तू जुनं काही टाकत नाहीस. एका गिऱ्हाइकाला हवंय, थोडी घाई आहे. माजलगावच्या एसटीत कंडक्टरकडं दिलंस तरी चालेल, मी स्टँडवर येऊन घेईन.

बाकी आमच्याकडं सगळं उत्तम आहे. शाळा खूश आहे. गणवेशाबद्दल एकही तक्रार नाही.

तुझी अक्का,
जगदेवी


तेलगाव, १७ सप्टेंबर

चन्नप्पा,

कापड आलं नाही. पत्रही आलं नाही. कावेरीनं मात्र शेजारणीच्या फोनवरून कळवलं की तू पत्र दोनदा वाचलंस आणि गल्ल्याच्या खणात ठेवलंस. म्हणजे वाचतोस. मग हेही वाच.

आज मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं. आदिनाथ सरांनी, म्हणजे तिथल्या हेडमास्तरांनी, मला पाहुणी म्हणून पुढच्या खुर्चीवर बसवलं. माझ्या हातचे दोनशे गणवेश ओळीनं उभे होते. माझा ऊर भरून यायला हवा होता. मी सबंध वेळ चौथीची रांग मोजत बसले. रांगेत एक पोरगी कमी होती.

मागच्या पत्रात मी गिऱ्हाईक लिहिलं. ते खोटं. कापड त्या पोरीसाठी पाहिजे. तिचं नाव संस्कृती, ऊसतोडीला जाणाऱ्या सुग्रीवची थोरली. माळाच्या पलीकडं वस्तीवर त्यांचं घर आहे. पंधरा ऑगस्टला तिनं मी शिवलेला गणवेश पहिल्यांदा घातला, झेंड्याला सलामी द्यायला हात वर केला आणि शर्ट काखेपासून कमरेपर्यंत टरकन फाटला. आधी दोन पोरं हसली, मग रांग हसली. ती हात खाली घेऊन, फाटलेलं दाबून धरून, राष्ट्रगीत संपेपर्यंत उभी राहिली आणि मग घरी गेली. त्यानंतर ती शाळेत आलेली नाही.

अशी अकरा लेकरं निघाली, ज्यांना गणवेश घट्ट झाला. दहा जणांचं मी शिवण उसवून, चिमटे सोडून भागवलं. पोरांना काय, बटण लागलं की झालं. संस्कृतीच्या शर्टात सोडायला काही शिल्लकच नव्हतं. तिला नवाच पाहिजे, आणि तो रंगात जराही वेगळा नको, नाहीतर पुन्हा हसायला निमित्त.

मी तिच्या घरी जाऊन आले. ती हापशावर होती, कडेवर दोन वर्षांचा भाऊ सत्यम. मी म्हटलं, "अगं, मी दुसरा शिवून देते." तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "नगं. मला शाळंतच जायचं न्हाई. उसाला ड्रेस लागत न्हाई."

तिची आई दारात भांडी घासत होती. ती म्हणाली, "आक्का, शाळंत जात आसती तर सासूपाशी ठिवली आसती तिला. हितं वसतिगृह हाय, दोन टाइम खायला मिळतं. पर घरात बसून ऱ्हायची तर ठिवून काय करू? संगं नेते. सत्यमला सांबाळंल, भाकरी टाकंल."

तुला माहीत आहे, ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं मागं राहावीत म्हणून शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. त्याची यादी दिवाळीच्या सुटीआधी जाते, आणि सर म्हणतात, जी मुलं शाळेत येतात त्यांचीच नावं यादीत घालता येतात. सुग्रीवनं मुकादमाला शब्द दिलाय. भाऊबीज झाली की ट्रक निघणार. त्याच्या आत ही पोरगी गणवेश घालून शाळेत आली पाहिजे, नाहीतर तिची शाळा संपली. दोनदा ती अशीच आईबापासोबत गेलीय, म्हणून बारा वर्षांची होऊन चौथीत बसते. आता गेली तर परत येऊन पुन्हा चौथीत बसेल असं तुला वाटतं का? मला वाटत नाही.

माझी चूक आहे असं तुला म्हणायचं असेल तर ऐकून घे. सरांनी मला यादी दिली, यादीत इयत्ता होती, इयत्तेप्रमाणं मी कापलं. चौथीत बारा वर्षांची पोरगी बसते हे मला कोणी सांगितलं होतं?

कापड पाठव. माझ्यासाठी नको पाठवू.

अक्का


तेलगाव, २६ सप्टेंबर

चन्नप्पा,

गठ्ठा मिळाला. कंडक्टर म्हणाला, "दुकानदार कायबी बोलला न्हाई, फकस्त म्हनला, भिजू देऊ नगा." या पावसात त्यानं तो शर्टाच्या आत घालून आणला. मी साडेतीन मीटर मागितलं, तू साडेचार पाठवलंस. रंग तोच. पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करून पाठवलंस, म्हणजे आटायची भीती नाही. आतून चिठ्ठी निघेल म्हणून मी कापडाची प्रत्येक घडी उलगडली. चिठ्ठी नव्हती.

आता मला खरं लिहायला पाहिजे. मागचं पत्र टाकल्यावर ते मला टोचत होतं.

कोणी सांगायला कशाला पाहिजे होतं? बीड जिल्ह्यात जन्म काढलाय मी. कुठल्या घरची लेकरं दिवाळीला जातात आणि उन्हाळ्यात येतात, कुणाची वर्षं बुडतात, सगळं मला माहीत आहे. आपल्याकडं इयत्तेवरून वय कळत नाही हे शेंबडं पोर सांगेल. तरी मी आपल्या अप्पांचा तक्ता लावला. दुकानाच्या भिंतीवर छातीच्या मापांचा पुठ्ठा होता बघ: पहिली बावीस, दुसरी चोवीस, तिसरी पंचवीस, चौथी सव्वीस. अप्पांनी तो गावातल्या शाळेसाठी केला होता, तिथं पोरं वेळेवर शाळेत जायची. तू दुकानात बसलास आणि पहिल्याच वर्षी तो पुठ्ठा काढलास. प्रत्येक लेकराला टेप लावायला लागलास. मी तेव्हाही हसले होते.

दोनशे बारा लेकरांतल्या एकाही लेकराला मी टेप लावला नाही. तक्त्यावरून गठ्ठेच्या गठ्ठे कापले. म्हणून पंधरा दिवसांत झालं. ते पंधरा दिवस मी गावभर मिरवले.

आणि शाळा समितीची ती बैठक. काय झालं ते तू विसरला नाहीस आणि मीही विसरलेले नाही. "धंद्यात असं होतं" असं मी लिहिलं, पण धंद्यात तसं होत नसतं. काम मागायला मी माझ्या बायकांचं कौतुक करायला हवं होतं. मी उभी राहून म्हणाले, "माझा भाऊ एकेका पोराला टेप लावत बसतो, त्याची मापं होईस्तोवर पोरं दहावी पास होतील." सगळी समिती हसली. तू गळ्यातला टेप काढलास, नीट गुंडाळलास, खिशात घातलास आणि गेलास. मी तुझ्या मागं आले नाही, कारण काम मिळालं होतं आणि मी खुशीत होते.

चन्नू, माझं चुकलं. तुझ्या हळूपणावर मी चारचौघांत हसले, आणि तो हळूपणा नव्हता. तू लेकरं बघत होतास. मी आकडे बघितले. हे मी तोंडानं म्हणू शकले नसते, पत्रात म्हणते. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव. पोरीचं काम मात्र मी तडीस नेणार.

दसरा झाला की वस्तीवर जाते. यावेळी माप घेऊनच कापड कापीन.

अक्का


तेलगाव, ५ ऑक्टोबर

चन्नू,

काल गेले होते. ऐक, गंमत ऐक. गंमत म्हणते खरी, पण मला रात्री झोप नाही.

मी पिशवीतून टेप काढला तशी संस्कृती मागं सरली. "टेप लावू नगा." आई ओरडली, आजी ओरडली, ही भिंतीला पाठ लावून उभी. मग माझ्या लक्षात आलं. गणवेश वाटले त्या दिवशी मी ओट्यावर उभी राहून गठ्ठे फेकत होते, "तिसरी, पंचवीस! चौथी, सव्वीस!" तिनं तो आकडा ऐकला होता. सगळ्या वर्गाला जो बसला, तो तिलाच बसला नव्हता. आता मी टेप लावून सगळ्यांसमोर दुसरा आकडा मोठ्यानं म्हणणार, हे तिला नको होतं.

मी टेप तिच्या हातात दिला. म्हटलं, "तू आत जा, तुझं तूच मोज. छातीला असा गोल धर, सैल नको, आवळून नको. मी बाहेर बसून लिहिते." ती आत गेली. दार लोटलं. मग आवाज आला, "छाती सव्वीस."

चन्नू, आपली हयात कापड कापण्यात गेली. अंगावर झोळ घातला तरी आपल्याला आतलं माप दिसतं. ती पोरगी तीसला एक दोरा कमी नाही. तिला वाचता येतं, टेप उलटा धरलेला नव्हता, बाहेर येताना मी बघितलं. तिनं चौथीचं माप सांगितलं.

मी काय करावं? "खोटं बोलतेस" म्हणावं, तर दार कायमचं बंद. मी तिच्या देखत कागदावर सव्वीस लिहिलं. ती वाकून बघत होती, मी आकडा नीट काढते की नाही. बाकीची मापं तिनं खरी सांगितली, उंची, बाही, सगळी. फक्त छाती तेवढी सव्वीस.

इकडं येऊन मी तीसला कापलं. गटात सायली म्हणून तरणी पोर आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. "मावशी, कागदावर सव्वीस लिवलंय आन् कापताय तीसला? कावून?" मी म्हटलं, "गप शिव." कॉलरला आपण मापाची पट्टी लावतो ना, तिथं मी माझ्या हातानं सव्वीसची पट्टी लावली. अप्पा असते तर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं असतं. तू काय केलं असतंस? मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण मला कळत नाही मी बरं केलं का वाईट.

अक्का


तेलगाव, २४ ऑक्टोबर

चन्नू,

तुझं कार्ड तेरा तारखेला आलं. सबंध कार्डावर एक ओळ: "काखेत किती सैल ठेवलंस?" ना अक्का, ना नमस्कार, ना खाली नाव. मी ते कार्ड सातही बायकांना वाचून दाखवलं. सायली म्हणाली, "ह्यात एवढं खूश व्हन्यासारकं काय हाय?" तिला काय सांगू. चार महिन्यांनी माझ्या भावानं मला काम विचारलं.

दीड इंच ठेवलं. शिवाय शिवणीच्या आत दोन्ही बाजूंनी इंच इंच कापड सोडलंय. आता तिनं झाडावर चढून आंबे काढले तरी फाटणार नाही.

गणवेश मी चौदाला पोचवला. तिनं आधी कॉलर उलटून पट्टी बघितली. मग आत जाऊन घालून आली. दोन्ही हात वर केले, खाली घेतले, पुन्हा वर केले. काही फाटलं नाही. मी विचारलं, "कसा वाटतो?" म्हणाली, "बसला." एवढंच. दुसऱ्या दिवशी, सुटीच्या आदल्या दिवशी, ती शाळेत गेली. आदिनाथ सरांनी मला फोन करून सांगितलं, यादीत नाव घातलं. मी म्हटलं, जिंकलं.

पण नाव यादीत घातलं म्हणजे पोरगी मागं राहिली असं नसतं. आज सकाळी ट्रक निघणार होता. वाटेत खायला म्हणून मी दहा भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली. खरं कारण तुला कळलं असेलच. बिऱ्हाड ट्रकमध्ये चढत होतं. भांडी, पेटी, कोयते, शेळी, सगळं. संस्कृती दिसेना. तिची आई माझी नजर चुकवत होती. सुग्रीव म्हणाला, "आक्का, वाईट वाटून घेऊ नका. ह्या पोराला सांबाळायला माणूस लागतंय. फडात ह्याच्याकडं कोन बगनार? औंदाच नेतो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात ती घरातून बाहेर आली. सुटी चालू, शाळेला कुलूप, दिवाळीचे फराळाचे डबे अजून रिकामे झाले नाहीत, आणि ही पोरगी पूर्ण गणवेशात. आकाशी शर्ट, निळा पिनो, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. कडेवर सत्यम. ती ट्रकजवळ आली, आईसमोर उभी राहिली आणि पोराला पुढं केलं. आईनं हात पुढं केले नाहीत. ही तशीच उभी. पोर दोघींच्या मधे लोंबकळत हसायला लागलं, त्याला वाटलं खेळ चाललाय.

ट्रकमधून मुकादम ओरडला, "सुग्रीव, ही तर शाळंची पोरगी हाय बे! हिला कुटं घेतो?" त्याला दयामाया आली असं मी म्हणणार नाही. गणवेशातली पोर वाटेत कुणी अडवली तर लचांड नको, एवढंच त्याच्या डोक्यात असेल. मला कारणाशी काय करायचंय?

सुग्रीव कितीतरी वेळ लेकीकडं बघत राहिला. त्यानं तिला त्या कपड्यांत नीट बघितलंच नव्हतं बहुतेक. मग बायकोला म्हणाला, "घे त्याला. झोळी बांधू फडात." आईनं पोर घेतलं आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. दोघीही रडल्या. मीही रडले, भाकरीचं गाठोडं तसंच हातात धरून, शेवटी सुग्रीवनंच ते मागून घेतलं. दोन वर्षांच्या लेकराला फडात झोळीत ठेवायचं म्हणजे काय ते मला कळतं. एक पोर मागं राहिली, एक गेलं.

संस्कृती आता आजीपाशी आहे.

काल भाऊबीजेचं ताट केलं नाही असं लिहिणार होते. कशाला खोटं बोलू, केलं होतं. ताट पाटापुढं ठेवलं आणि संध्याकाळी लाडू मीच खाल्ला. चांगला झाला होता.

अक्का


तेलगाव, १४ नोव्हेंबर

चन्नू,

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. आधी माझी, मग तिची.

परवा शाळा समितीची बैठक झाली. पुढच्या सालच्या गणवेशाचं आत्ताच ठरवायला घेतलं, कारण मी डोकं खाल्लं. त्याच खोलीत, त्याच माणसांपुढं उभी राहिले. म्हटलं, "जूनमध्ये मी इथं माझ्या भावाची टिंगल केली होती आणि तुम्ही हसला होता. तुमचंही चुकलं, पण माझं जास्त. यंदा अकरा लेकरांना कपडे बसले नाहीत, ते माझ्या घाईमुळं. पुढच्या साली मापं चन्नप्पा घेईल, प्रत्येक लेकराला टेप लावून. शिवणार आम्ही." एक सदस्य म्हणाला, "मग लई उशीर व्हईल." मी म्हटलं, "होऊ द्या. महिना लागला तर महिना. आधीची पंधरा दिवसांची मीच बढाई मारली होती, आता मीच मागं घेते." कुणी हसलं नाही. ठराव झाला.

तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, आणि मग मला तुझी मनधरणी करावी लागली असती, आणि माझ्याच्यानं ती होत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की ये. कावेरीलाही आण. चार दिवस माझ्याकडं राहा. नाहीच यायचं असेल तर समितीला तुझं तूच कळव. मी कळवणार नाही.

आता तिची गोष्ट.

काल दुपारी शाळा सुटल्यावर संस्कृती कारखान्यात आली. कारखाना म्हणजे आमची पत्र्याची खोली, बायका हौसेनं तसं म्हणतात. अंगात नवा गणवेश, हातात फाटलेला जुना. आली ती थेट माझ्या टेबलाशी. जुना शर्ट टेबलावर पसरला आणि मला म्हणाली, "मावशी, ह्यो सव्वीसचा हाय?"

म्हटलं, "हो."

"मग ह्यो कशाचा हाय?" आणि स्वतःच्या अंगातल्या शर्टाकडं बोट. "काल धून वाळत टाकला, तवा ह्याच्यावर ठिवून बगितला. चार बोटं मोटा हाय. दोनीला पट्टी सव्वीसचीच. तुमी खोटी पट्टी लावली."

सातही मशिनी थांबल्या. सायलीनं तोंडावर पदर धरला. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात मला इतकं स्वच्छ कुणी पकडलेलं नाही. मी म्हटलं, "लावली. तू सव्वीस सांगितलंस, म्हणून सव्वीस लावली."

"मी बी खोटंच सांगितलतं," म्हणाली. मग हात पुढं केला. "टेप द्या."

मला वाटलं आत जाईल, आतल्या बाजूला कापडाच्या ताग्यांमागं जागा आहे. ती कुठं गेली नाही. तिथंच, सात बायकांच्या मधे उभी राहून तिनं छातीभोवती टेप धरला. सैल नाही, आवळून नाही, मी सांगितलं होतं तसाच. मान खाली घालून आकडा बघितला आणि मोठ्यानं म्हणाली, "तीस."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच त्यात. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं बघितलं असेल तर असू दे. मी दुरुस्त पट्टी लावून देण्यासाठी कात्री घेतली, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हिच्यासाटी न्हाई आले मी."

"मग कशासाठी आलीस?"

"पुढल्या साली मी पाचवीत जानार. तवा मला बत्तीस लागंल. आत्ताच लिवून ठिवा, मंजी गडबड नगं."

मी वही काढली आणि तिच्यासमोर पहिल्याच ओळीत लिहिलं: संस्कृती, पाचवी. आकड्याची जागा कोरी सोडली. ती म्हणाली, "बत्तीस लिवा की." मी म्हटलं, "जूनमध्ये माझा भाऊ येईल आणि टेप लावून लिहील." तिनं विचार केला आणि मान हलवली. "चालंल. मी हितंच हाय."

तुझी अक्का